येसूने लावलेलं ताडाचं बी

त्या काळी श्रीधुंडिनाथ महाराज पालशेवाडीच्या खाडीकाठी, ताडांच्या राईत राहत असत. त्याच वाडीत येसू खारवीण होती. तिचा घरधनी भागोजी मासेमारीला गेला तो परतलाच नाही. होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. दहा वर्षं लोटली, तरी येसू कुंकू पुसेना.

एकदा तिने महाराजांचे पाय धरले. "म्हाराज, वाट बघू का नको, येवढं सांगा."

महाराजांनी ताडाचं बी तिच्या ओंजळीत ठेवलं. "हे दारात लाव, पोरी. ताड आधी खाली खोल जातो, मग वर येतो. वेळ लागेल. पाणी घाल, पण उकरून बघू नकोस."

येसू रोज पाणी घाली. वर काहीच दिसेना. गावचे विश्वंभरशास्त्री येता-जाता हसत, "मेलेल्या बियाला पाणी अन् मेलेल्या नवऱ्याचं कुंकू!" येसू खाली मान घालून ऐके. कधी मातीला कान लावी, तर आत कोणीतरी सावकाश श्वास घेतंय असं वाटे. अंगावर काटा येई. पण पाणी तिने चुकवलं नाही.

भागोजी बेपत्ता होऊन बारा वर्षं भरली; आता शास्त्राप्रमाणे तो मेलेलाच धरायचा. शास्त्रींनी फर्मावलं, पळसाच्या पानांचा पुतळा करून भागोजीचं दहन करायचं. भर दुपारी खाडीकाठी सरण रचलं. वारा पडला होता. एक पाखरू बोलत नव्हतं.

शास्त्रींनी अग्नी दिला. विझला. पुन्हा दिला, पुन्हा विझला. वाळक्या पानांतून पाणी ठिबकत होतं. शास्त्रींनी बोट लावून चाखलं. खारट! तोच पुतळ्याची छाती वर झाली, खाली गेली. पलिता शास्त्रींच्या हातून गळून पडला.

"शास्त्रीबुवा," मागून महाराज म्हणाले, "जित्या माणसाला अग्नी देत नसतात."

इतक्यात शेजारीण धावत आली. "येसू, तुझ्या दारात कोंब आलाय गं, वीतभर!"

येसू वळली, तर खाडीच्या संथ पाण्यातून एक माणूस चालत येत होता. भागोजीच! वय एका दिवसानेही वाढलेलं नव्हतं.

"रात्र सरतच नव्हती, येसू," तो कापत म्हणाला. "काळोखात पांढरी मुळी हाताशी आली. तीच धरून होतो. आज तिनं वर ओढलं."

काय ती महाराजांची कृपा! शास्त्री त्यांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी याला जाळायला निघालो होतो!"

महाराजांनी त्यांना उठवलं. "माझ्या नको, तिच्या पायां पडा."

साऱ्या गावादेखत विश्वंभरशास्त्रींनी खारविणीच्या पायांवर डोकं ठेवलं. येसूला ते कळलंही नाही. ती पदराने भागोजीचे केस पुसत होती.