म्हाळाईची रिकामी होडी

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि अलीकडच्याला पलीकडच्याशी भांडायचं झालं तरी आधी होडी शोधावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडे वेळशी, पलीकडे तोंडवण. दोन्ही गावांची भातशेती काठाला, उधाणाच्या पाण्यापेक्षा सखल. शेत आणि समुद्र यांच्यामध्ये होता तो नुसता दगडावर दगड रचलेला बांध. बांध उभा तर भात उभं. एकदा का खारं पाणी आत शिरलं की पुढची कित्येक वर्षं त्या जमिनीत गवताचं पातंसुद्धा रुजत नाही.

त्या वर्षी श्रावण लागता लागता तुफान झालं आणि दोन्ही बांधांना भगदाडं पडली. तुफानाने भेदभाव केला नाही. आता नारळी पौर्णिमेचं उधाण यायच्या आत भगदाडं बुजायला हवी होती, नाहीतर दोन्ही गावं उपाशी मरणार होती.

आणि गवंडी नव्हते. दूरच्या बंदरावर कुणा सरदाराचा किल्ला उठत होता. आधी तिकडे चांगले गवंडी गेले. मजुरी वाढली तसे बरे गवंडी गेले. आणखी वाढली तेव्हा ज्यांनी जन्मात भिंतीला फक्त पाठ टेकली होती तेही गवंडी म्हणून गेले, असं म्हणतात.

उरली एकटी म्हाळू पाथरवटीण. खाडीच्या मधल्या बेटावर राहायची. नवरा होता तेव्हा तो बांध रचायचा आणि ही त्याला दगड द्यायची. दगड देणारीला कुणी कारागीर म्हणत नाही. पण कुठला दगड लागणार ते देणारीला आधी कळावं लागतं. म्हाळूला बंदरावरूनही बोलावणं आलं होतं. ते तिने दोन्ही गावांच्या कानावर जाईल अशा बेताने सांगितलं होतं.

नागपंचमीला कुणी जमिनीला हत्यार लावत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावं आपापल्या काठावर जमली. म्हाळू होडीत बसून मध्यावर आली, नांगर टाकला आणि पान लावायला घेतलं.

वेळशीच्या खोताने हात वर करून एक खंडी भात बोललं. तोंडवणकरांनी दीड खंडी आणि वर नारळ. खोताने दोन खंडी केल्या. पलीकडून दुभती म्हैस आली. अलीकडून फणसाचं झाड, पलीकडून आंब्याचं. बोलणारा ओळखू यावा म्हणून जो तो हात वर करायचा, आणि ज्यांच्यापाशी बोलायला काहीच नव्हतं तेही गाव कमी दिसू नये म्हणून हात वर करायचे. एका म्हाताऱ्याने भरात येऊन स्वतःच्या घराची ओटी देऊन टाकली. त्यावर त्याची बायको जे बोलली ते तोंडवणात स्पष्ट ऐकू आलं, असं म्हणतात.

पान रंगलं, तशी म्हाळू उठून उभी राहिली.

"दोन्हीकडची शेवटची बोली मला मान्य," ती म्हणाली. "आता वर गेलेले हात खाली घेऊ नका. मला तेच हवेत. आणि मजुरी माझ्या एकटीची नाही. जो हात दगड लावील त्याची, सगळ्यांना सारखी."

खोत पाण्याच्या कडेपर्यंत पुढे आला. बोललेलं भात त्याच्याच कणगीत होतं.

"म्हाळू, यात एक लंगडा, दोन आंधळ्या म्हाताऱ्या नि उरलेल्यांत अर्ध्या बायका. यांना गवंड्याची मजुरी?"

"खोतानू, बांधाच्या कामात उचललेला दगड परत खाली ठेवायचा नसतो. वाकडा निघाला तर वाकडी जागा शोधायची. माणसं मी आता उचलली. आणि तुमचाही हात अजून वरच आहे."

दोन्ही गावं मिळून एका ओहोटीला वेळशीचा बांध, दुसरीला तोंडवणचा, असं काम लागलं. सुरुवातीला जो तो चांगला चौकोनी दगड शोधत हिंडायचा आणि आडवेतिडवे टाकून द्यायचा. म्हाळू मागे उभीच. उचललास ना? मग लाव. लंगडा बसून फटींत दगडाच्या चिपा ठोकू लागला. आंधळ्या म्हाताऱ्या बोटांनी फटी हुडकून त्याला सांगू लागल्या. प्रत्येक गोष्टीत खोड काढणारा एक गृहस्थ होता, त्याला तिने मुद्दाम बांधाची खोड काढायला बसवलं. जन्मात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला. पुढे पुढे तर माणूस वाकायच्या आधीच दगड कूस बदलून हातात यायचा, असं म्हणतात.

पौर्णिमा उजाडली. वेळशीचा बांध पुरा झाला होता, तोंडवणच्या बांधात एका दगडाची जागा उरली होती. भरदुपारी उधाण चढू लागलं. शेवटचा दगड होता खोताच्या हातात, आणि तो इतका वेडावाकडा की आधी कुणीच त्याला शिवलं नव्हतं. पाणी गुडघ्याला लागलं. खोत दगड टाकून पळणार, तोच म्हाळू एवढंच म्हणाली, "फिरवा."

त्याने फिरवला. नाही बसला. पुन्हा फिरवला. पाणी कमरेला आलं. तिसऱ्यांदा फिरवला आणि दगड असा बसला, जणू तिथेच जन्मला होता. समुद्र आला, त्याने बांधाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपून पाहिलं, एक फट सापडेना, तेव्हा मुकाट मागे फिरला. अजून तिथल्या लाटा बांधापाशी आल्या की आवाज कमी करतात, असं म्हणतात.

म्हाळूची म्हाळाई झाली ती त्या दिवसापासून. काही जण सांगतात, ती बांधातच विरून गेली. पण मग तिच्या वाट्याचं भात कोण घेऊन गेलं, ते ते सांगत नाहीत. बाकीचे म्हणतात, ती बंदरावर गेली. तिकडे मजुरी आणखी वाढली होती.

आता खाडीवर पूल आहे. तरी पंचमीच्या दुसऱ्या दिवशी एक रिकामी होडी मध्यावर नांगरतात, त्यात एक विडा ठेवतात, आणि दोन्ही काठांवरून म्हाळाईला मजुरी बोलतात. बोली मागल्या वर्षीच्या खाली कधी येत नाही, आणि ती बाईला, बाप्याला, म्हाताऱ्याला सारखीच मिळते. ज्याचा हात वर गेला त्याने बांधावर उतरायचं.

यंदा वेळशीच्या एका नव्या सुनेने वाऱ्याने उडालेला पदर सावरायला हात वर केला. खाली घ्यायच्या आत पलीकडच्या काठावरून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "तुझा हात दिसला गो, बाय." सासू हसली, नवऱ्याने खाडीकडे पाहिलं. सून बांधावर उतरली आणि समोर आला तो दगड तिने उचलला. तो वाकडा निघाला. खाली ठेवायची सोय नव्हती.

तिने तो फिरवायला घेतला.