दिगूदादाने पाव भाजला

घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक भोळा भाऊ राहायचा. नाव दिगंबर, पण सगळे दिगूच म्हणायचे. सांगितलेलं तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. विसरू नये म्हणून रुमालाला गाठ मारायचा. त्याचा रुमाल इतक्या गाठींचा झाला होता, की त्याने नाकही पुसता येत नसे.

घरात तिघं. दिगू, त्याची धाकटी बहीण ऋतुजा आणि गोदाआत्या. आत्याचा शब्द म्हणजे कायदा. फरक एवढाच, की कायदा कधीतरी बदलतो.

ऋतुजाला कोल्हापूरला पुढे शिकायचं होतं.

आत्या म्हणाली, "वसतिगृहाला पैसे कुठून आणू? रविवारी पाहुणे येतायत तुला बघायला. मुकाट्याने उभी राहा."

"आत्या, तुझ्या चहात रोज डझनभर पाव बुडतात. पाव घरी केला तर वर्षभरात वसतिगृहाची फी निघेल."

आत्याचे दात गेले होते, पोळी चावत नव्हती. भाच्यांना मात्र ती दातांवाचूनही चावायची.

"पाव? घरी?" आत्या हसली. "रविवारपर्यंत माझ्या बशीत घरचा पाव दिसला तर जा शिकायला. नाही दिसला, तर पाहुण्यांना होकार!"

ऋतुजाने शिकवण्यांचे साठवलेले पैसे काढले. गुरुवारी तिची परीक्षा होती, म्हणून पाव करायचं यंत्र आणायला दिगूला तालुक्याला पाठवलं.

दुकानात तीन यंत्रं मांडली होती. दिगूने पहिल्यावर टक टक केलं. कान लावला. दुसऱ्यावर टक टक केलं. तिसऱ्यावर जरा जोरात केलं.

दुकानदार धावला. "अहो, काय करताय?"

"वाजवून बघतोय. उन्हाळ्यात आत्यानं सांगितलं होतं, वाजवल्याशिवाय घेऊ नको."

"काय घेताना?"

"माठ."

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "हा माठ आहे का? यंत्र घेताना तीन गोष्टी विचारायच्या. किती खातं? किती वर्षं टिकेल? बिघडलं तर परत घेता का?"

"बरं," म्हणत दिगूने गाठ मारली. तिन्ही प्रश्न तिन्ही यंत्रांना विचारले. यंत्रं काही बोलली नाहीत. शेवटी दुकानदारानेच उत्तरं दिली आणि एक यंत्र त्याच्या हातात देऊन त्याला बाहेर काढलं.

शुक्रवारी सकाळी ऋतुजाने पीठ, पाणी, मीठ, साखर, यीस्ट मोजून यंत्रात घातलं आणि बटण दाबलं.

"दादा, मी शिकवणीला जाते. नीट ऐक. आत काहीही आवाज आला तरी झाकण उघडायचं नाही. तीन तास लागतात. आत ते फुगत असतं. शिट्टी झाली की मगच उघडायचं."

"बरं." गाठ.

थोड्या वेळाने आत्या गूळ काढायला धान्याच्या खोलीत गेली. वाऱ्याने दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली.

"दिग्या! दार उघड!"

दिगू दाराशी आला. खाली बसला.

"तीन तास लागतील, आत्या."

"कसले तीन तास?"

"फुगायला."

"मेल्या, मी काय फुगतेय का इथं?"

दिगूने दाराला कान लावला. "आवाजावरून तरी छान फुगलीयेस."

आतून डबे आपटले. शिव्या आल्या. दिगू हलला नाही. शेवटी स्वयंपाकघरात यंत्राची शिट्टी वाजली आणि त्याने आत्याचं दार उघडलं. आत्या लालभडक होऊन बाहेर पडली.

"रंग चांगला आलाय," दिगू म्हणाला.

त्या रागात आत्याने यंत्रातला पाव उपसला आणि म्हशीपुढे टाकला. म्हशीला आवडला. पण ठरलं होतं ते आत्याच्या बशीचं.

"ऐक, बैला," आत्या ओरडली, "आतून कुणी ओरडलं की हातातलं काम टाकून तत्काळ उघडायचं!"

"बरं." गाठ.

शनिवारी ऋतुजाने पुन्हा सगळं मोजून घातलं आणि ती शिकवणीला गेली. यंत्र पीठ मळू लागलं. आधी घरघरलं. मग कण्हलं. मग चांगलं किंचाळलं.

दिगूने हातातली बादली टाकली आणि झाकण उघडलं.

"काय झालं? कोण आहे?"

आत पीठ गरगरत होतं. त्याने झाकण लावलं. पुन्हा आवाज आला. पुन्हा उघडलं. असं सतरा वेळा झालं. यंत्र पाव भाजू लागलं तेव्हाही त्याला आत कुणीतरी हुंदका दिल्यासारखं वाटलं, म्हणून तेव्हाही उघडलं.

संध्याकाळी ऋतुजा घरी आली तेव्हा पाव बसला होता. असा बसला होता, की आत्याने तो दाराला टेकू म्हणून लावला. दार हललं नाही.

"झालं तुझं कोल्हापूर?" आत्या म्हणाली. "उद्या हिरवी साडी नेस."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते आत्याला दिसू दिलं नाही. ती दिगूजवळ बसली.

"दादा, उद्याचा एकच पाव उरलाय. आत्या मला साडी नेसवून आत बसवणार. तूच आहेस. झाकण अजिबात उघडायचं नाही. शिट्टी झाली की पाव बाहेर काढायचा. झाला की नाही ते वाजवून बघायचं."

"वाजवून? दुकानदार तर म्हणाला..."

"दुकानदार गेला खड्ड्यात! याला वाजवायचंच. पोकळ आवाज आला की समजायचं, भाजला. मग उलटा करून तासभर गार होऊ द्यायचा. गरम असताना सुरी लावायची नाही."

"बरं." दिगूने गाठ मारली. रुमालात जागा नव्हती, म्हणून सदऱ्याच्या टोकाला मारली.

रविवारी ऋतुजाने सकाळीच सगळं मोजून यंत्रात घातलं आणि बटण दाबलं. मग पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. आत्याने दिगूला कोपऱ्यात घेतलं. "बापाच्या जागी तू आहेस. मुलगा नीट पारखून घे. यंत्र घेताना पारखलंस ना, तेवढी तरी अक्कल चालव!"

"बरं."

ऋतुजाला आणून पाटावर बसवलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "उंची किती? कामाला कशी आहे? आजारीबिजारी पडत नाही ना?" आईने तिला चालून दाखवायला सांगितलं. हे प्रश्न कुणालाच मूर्खपणाचे वाटले नाहीत. आत्या तर हसून माना डोलावत होती.

मग दिगू पुढे सरकला.

"मुलगा किती खातो?"

"खातो की चांगलं," वडील कौतुकाने म्हणाले.

"किती वर्षं टिकेल?"

वडिलांच्या हातातला पोह्यांचा घास हातातच राहिला.

"आणि बिघडला तर परत घेता का?"

"हे काय बोलणं झालं?" वडील उठले.

"थट्टेखोर आहे हो तो!" आत्या घाईघाईने म्हणाली. "बसा, बसा. चहा घ्या, गार होतोय."

तेवढ्यात शिट्टी झाली. दिगू आत पळाला. पाव एका हातात आणि सुरी दुसऱ्या हातात घेऊन बाहेर आला. पाव सोनेरी, फुगलेला, वाफाळता. त्याने तो उलटा केला आणि वाजवला. टक टक.

"पोकळ!" तो आनंदाने ओरडला. "आत्या, झाला!"

पाव त्याने ताटात पालथा घातला. मग त्याला मुलगा दिसला. अजून पारखायचा राहिला होता. दिगू त्याच्या मागे गेला आणि टाळूवर बोटांच्या पेरांनी वाजवलं. टक टक. कान लावला.

"आत्या, हाही झालाय!"

मुलाने मान वळवली. समोर सुरी.

"घाबरू नका हो," दिगू समजूत घालत म्हणाला. "मी गरम कापत नाही. आधी उलटा करून तासभर गार करतो." आणि त्याने मुलाचे पाय धरले.

मुलगा खिडकीतून गेला. आईवडील दारातून गेले. दिगू त्यांच्या मागे धावला.

घरात आत्या मटकन बसली. समोर तिच्या बशीत चहा होता. सवयीने तिच्या हातांनी ताटातल्या पावाचा लचका तोडून बशीत बुडवला. तोंडात टाकला. दुसरा तोडला.

"आत्या," ऋतुजा पाटावरून उठत म्हणाली, "बशीत काय आहे?"

आत्याने बशीकडे पाहिलं. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच तिला उलट बोलता आलं नाही. ऋतुजा बॅग भरायला आत गेली.

इतक्यात दिगू धापा टाकत परतला. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

"काळजी करू नको, आत्या. मी त्यांना एसटी स्टँडवर गाठलं. सगळ्यांच्या देखत ठणकावून सांगितलं, की पुढच्या वेळी मुलगा आणाल तो कच्चाच आणा. भाजायचं यंत्र आमच्याकडे आहे."