पाटाच्या टोकाची वेल

एका वृद्ध वैद्यांच्या आश्रमात एकदा स्वयंपाकाला एक नवी बाई आली. सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, माहेरी कोणी न उरलेली. हाताला चव होती, जिभेला मात्र धार. महिन्याभरात तिने कोणाला दुखवायचे बाकी ठेवले नाही. शेवटी आश्रमाची व्यवस्था पाहणारा ज्येष्ठ शिष्य गुरूंकडे गेला.

"गुरुजी, उद्या तिला निरोप द्यावा म्हणतो. काल पाणी मागितलं, तर म्हणाली, 'हातांना मेंदी लावलीय का?'"

तिला जायला दुसरे ठिकाण नाही, हे त्यालाही ठाऊक होते. पण रोजच्या टोमण्यांनी तो बिचारा खरोखरच विटला होता.

गुरू त्याला मळ्यात घेऊन गेले आणि पाटाच्या अगदी टोकाला असलेल्या वेलीची काकडी तोडून त्याच्या हाती दिली. शिष्याने रीतीप्रमाणे देठाकडचे टोक कापले, ते घासून घासून फेस काढला, मग एक फोड तोंडात टाकली आणि तत्क्षणी थुंकली.

"जहर कडू आहे. ही वेल उपटूनच टाकतो."

त्यावर ऐंशीच्या घरातले गुरू विहिरीकडे गेले, थांबत थांबत घागर भरून आणली आणि त्याच वेलीच्या मुळाशी ओतली. शिष्याला काही उमगेना. जी उपटायची, तिला पाणी कशाला?

"वरच्या आळ्यांतल्या काकड्या गोड आहेत ना?" गुरू म्हणाले. "बियाणं एकच. पण ती आळी भरली की तू पाट बंद करतोस, इथवर पाणी येतच नाही. तहानलेल्या वेलीवर कीड आली तर तिला पळता येत नाही, हाक मारता येत नाही. मग ती अंगातच कडू रस वाढवते, खाणाऱ्यानं तोंड फिरवावं म्हणून. तेवढंच तिच्या हातात असतं. तो तुझ्यावरचा राग नव्हे, बाबा." मग त्यांनी विचारले, "ती बाई जेवते केव्हा?"

शिष्याने आठवून पाहिले. सर्वांची पाने तो स्वतः मांडत असे. तिचे पान मांडल्याचे काही त्याला आठवेना. त्याची मान खाली गेली.

"रोज पाणी घाल," गुरू म्हणाले. "मात्र आधी धरलेल्या काकड्या कडूच निघतील. नव्या धरतील, त्यांची वाट पाहा."

त्या दिवशी पंगत बसण्याआधी शिष्याने एक पान वाढले आणि चुलीपाशी तिच्यासमोर ठेवले. "आधी तुम्ही जेवून घ्या, ताई."

तिने पानाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "आज काय, माझं श्राद्ध घातलंय?"

ही आधीच धरलेली काकडी, हे शिष्याने ओळखले. तो रागावला नाही. पाण्याचा तांब्या भरून त्याने पानाशेजारी ठेवला, आणि ती पहिला घास घेईपर्यंत तिथेच थांबला.