अळणी भात

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. पावसाळ्यातल्या वर्षावासात भंतेजींनी ती आमच्या विहारात सांगितली, तेव्हा लहान मुलांना आधी घरी पाठवलं होतं. आणि उठताना आम्हाला म्हणाले होते, "ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी ही तिन्हीसांजेला काढू नका." आमच्या घरी ठकी आहे, आणि आत्ता तिन्हीसांजच आहे. पण उद्यावर टाकलं तर माझा धीर होणार नाही, म्हणून आजच लिहिते.

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरात भोगदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या श्वानशाळेत एका कुत्रीच्या पोटी जन्माला आला. सात पिल्लांमध्ये तो शेवटचा. अंग काळं, कपाळावर चंद्राएवढा पांढरा ठिपका. म्हणून त्याचं नाव चंदक पडलं.

त्या वेळी श्वानशाळेत पालित नावाचा आचारी होता. कुत्र्यांसाठी कसं रांधावं हे त्याच्याकडून शिकावं. तांदळाच्या कण्या मऊ शिजवायच्या, त्यात दुधी, चिमूटभर हळद, आणि हाडं काढलेलं मांस. कांदा नाही, लसूण नाही, मीठ तर मुळीच नाही. हाताला सोसेल इतकं निवलं की वाढायचं. राजा रोज टोपलीभर मांस पाठवी. पालित ते सगळं शिजवी, आणि मग मांस तेवढं वेचून पंचाखाली घरी नेई. कुत्र्यांपुढे कण्यांची पेज जाई.

पालितला सामा नावाची आठ वर्षांची मुलगी होती. घरी आणलेल्या मांसावर तिची आई मीठ भुरभुरवी आणि हसून म्हणे, "मीठ लागलं की झालं आपलं." पालित जेवायला बसे. तो डावखुरा होता. डाव्या अंगठ्याने भाताला खोल आळं करी, त्यात रस्सा ओती, आणि लेकीकडे बघून म्हणे, "सामे, कुणाला सांगायचं नाही हं." सामा मान हलवी. तिला ते मांस फार आवडे.

त्या पौषात चंदकाच्या आईचं दूध आटलं. रोज सकाळी एक पिल्लू थंड पडलेलं सापडे. सहाव्या दिवशी चंदक एकटा उरला. राजाने विचारलं तेव्हा पालित म्हणाला, "दृष्ट लागली, महाराज." राजाला ते पटलं. पुढल्या वर्षी पालितचा घसा धरला. पाण्याचा थेंबही खाली उतरेना, आणि तसाच तो गेला.

त्यानंतर कुत्र्यांसाठी वेगळं रांधायची पद्धतच बंद झाली. राजवाड्यात उरेल ते, खारट-तिखट, त्यांच्यापुढे ओतलं जाई. त्यांचे केस झडले, डोळ्यांतून पाणी गळू लागलं. अशी बारा वर्षं गेली. चंदक म्हातारा झाला. सामा मोठी झाली, तिची आईही वारली, आणि पोटासाठी ती त्याच श्वानशाळेत कामाला लागली. कुत्र्यांचे मातीचे नऊ वाडगे घासणं हे तिचं काम. ती कुणाशी फारसं बोलत नसे. लहानपणी एकदा न सांगण्याची सवय लागली, ती तिच्या अंगात मुरली होती.

मग सोमिल नावाचा नवा आचारी आला. तो मात्र अखंड बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने राजवाड्यातून आलेलं उष्टं परत पाठवलं.

"राजाच्या अन्नाला नावं ठेवतोस?" पहारेकरी म्हणाला.

"अन्नाला नाही रे बाबा. या कुत्र्यांच्या पाठी बघ. तुझ्या पागोट्याला यांच्यापेक्षा जास्त केस आहेत."

सोमिलने चूल मांडली. कण्या, दुधी, हळद, मांस. मीठ नाही. पहिला घास तो स्वतः खाई, मग वाढी. बारा वर्षांनी तो वास श्वानशाळेत पसरला तेव्हा सामाच्या हातातला वाडगा निसटता निसटता राहिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पहिल्यांदा घडलं. नऊ वाडगे रांगेत मांडले होते. आठ कुत्री खायला आली नाहीत. ती भिंतीला पाठ लावून, शेपट्या पोटाखाली घेऊन बसली. चंदक एकटा आपल्या वाडग्यापाशी उभा राहिला, मग दोन पावलं मागे सरला आणि बसला. समोर कुणी ओळखीचं यावं तशी त्याची शेपटी हळूच हलली.

आणि त्याच्या वाडग्यातला भात कमी होऊ लागला. आवाज नव्हता. वाळूत पाणी जिरावं तसा तो खाली खाली गेला. तळ दिसला तेव्हा चंदकाने मान वळवली, आणि बाकीची कुत्री उठून आपापलं खाऊ लागली.

"सामा," सोमिल पुटपुटला, "मी जे बघितलं ते तू बघितलंस का?"

"मी वाडगे घासते," सामा म्हणाली. "बघत नाही."

चंदकाचा वाडगा तिने उचलला तेव्हा तो विहिरीच्या तळाशी पडून राहिल्यासारखा गार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या भिंतीपलीकडे तो सगळा भात जसाच्या तसा पडलेला सापडला. मांसाचे तुकडे मोजावेत इतका जसाच्या तसा. फक्त त्याला वास उरला नव्हता. कावळा त्याच्याकडे बघेना. मुंग्यांची रांग जवळ येई आणि वळसा घालून पुढे जाई.

"अरे देवा," सोमिल म्हणाला. "कुणी मेलेला जीव खातो आहे, पण त्याच्या घशाखाली उतरत नाहीये. आणि मिठाला असे जीव शिवत नाहीत. इतकी वर्षं इथे खारट अन्न होतं, म्हणून बिचारा दाराशी उभा असेल. मी अळणी रांधलं आणि त्याला वाट मिळाली."

सामाने वाडगे घासायला घेतले.

रोज संध्याकाळी तसंच होऊ लागलं. सोमिलने चंदकाला बाजूला नेऊन हाताने भरवून पाहिलं. चंदक घास तोंडात धरी, सावकाश चालत वाडग्यापाशी जाई आणि तो घास त्यात ठेवी. पंधरा दिवसांत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. उठताना त्याचे मागचे पाय थरथरत.

सोळाव्या दिवशी सामा पहिल्यांदा वाडग्याजवळ गेली. भात अजून कमी व्हायला लागला नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत भाताच्या मधोमध एक खळगा पडला. कुणीतरी अंगठा दाबून गोल फिरवावा तसा. आळं. खळग्याचा काठ एका बाजूने जास्त दबलेला होता, डाव्या हाताने केलं की दबतो तसा.

तिच्या जिभेवर तेरा वर्षांपूर्वीचं मीठ आलं.

ही बातमी राजापर्यंत गेली. राजा आला, बरोबर पिंगल पुरोहित आला. पिंगलने नाकाला उपरणं लावून वाडगे पाहिले आणि म्हणाला, "साधी गोष्ट आहे. अन्नात मूठमूठ मीठ घाला. सात दिवस. आठव्या दिवशी इथे काही राहणार नाही."

"कुत्रीही राहणार नाहीत," सोमिल म्हणाला. "आणि हा म्हातारा तर दोन दिवसही काढणार नाही. महाराज, जो येतो तो भुकेला आहे. भुकेल्याला हाकलून त्याची भूक जाते का?"

"ऐका!" पिंगल हसला. "कुत्र्यांचा आचारी आता आपल्याला धर्म वाढणार. पळीने वाढतोस की डावाने?"

"ज्याला जसं लागेल तसं, आचार्य. तुम्हाला पळीभर पुरेल."

राजाला हसू आलं, पण ते लगेच मावळलं. चंदकासकट ती सातही पिल्लं त्याने स्वतः मांडीवर घेतली होती. तो म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत तुला दुसरा उपाय सुचला तर कर. नाहीतर मीठ."

सगळे गेल्यावर सोमिल चुलीपाशी डोक्याला हात लावून बसला. "कोण आहे एवढं कळलं असतं ना, तर पाहुण्यासारखं नाव घेऊन वाढलं असतं. चोरून खाल्लेलं घशात अडकतं. दिलेलं उतरतं. पण बिननावाच्या माणसाला देणार कसं?"

सामाला नाव माहीत होतं. पण नाव घेतलं की पाठोपाठ सहा पिल्लं येणार होती. त्यांच्या वाटचं मांस कुणी कुणी खाल्लं तेही येणार होतं. राजाच्या पिल्लांना उपाशी मारल्याची शिक्षा काय, हे तिला विचारायचं नव्हतं. आणि बापाने एकच गोष्ट तिच्याकडे मागितली होती, ती म्हणजे गप्प राहणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमिल मांस आणायला गेला असताना ती चंदकाशेजारी बसली. त्याचं अंग गवताच्या पेंढीसारखं हलकं झालं होतं. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "तुला माहीत आहे ना तो कोण आहे? तुझ्या भावांना त्याने मारलं. तू त्याला का जेवू घालतोस?"

चंदकाने डोळे उघडले. कुत्रं बोलतं असं तिने कधी ऐकलं नव्हतं, पण आवाज त्याच्याच तोंडून आला, मंद आणि माणसाचा.

"भूक कशी असते ते मी पेज चाटून शिकलो," बोधिसत्त्व म्हणाला. "ती त्याला लागावी असं मला वाटत नाही. माझं मी देतो आहे, सामा. पण त्यात तुझाही वाटा होता. तो फक्त तूच देऊ शकतेस."

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. तो पुन्हा कधी बोलला नाही.

त्या संध्याकाळी सोमिलऐवजी सामाने रांधलं. कण्या, दुधी, हळद. दिवसभराच्या मजुरीचं जे जेवण तिला मिळे, ते तिने घेतलं नव्हतं; त्याच्या बदली मांस मागून घेतलं होतं, तेही तिने त्यातच शिजवलं. राजा आला. पिंगल मिठाचं मडकं घेऊन दारात उभा राहिला. सामाने नऊ वाडगे मांडले आणि चंदकाच्या वाडग्याशेजारी दहावा ठेवला.

"महाराज," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तेरा वर्षांपूर्वी पिल्लं दृष्ट लागून मेली नाहीत. त्यांच्या वाटचं मांस माझा बाप पालित घरी नेत होता. मी ते खाल्लं. मला आवडायचं. मी कुणाला सांगितलं नाही."

सामा कुत्र्यांकडे वळली. एकेका वाडग्यातला चिमूटभर भात घेत ती दहाव्यात घालत गेली, आणि दरवेळी म्हणाली, "तुमचं होतं. द्याल का?" आठ कुत्र्यांनी माना खाली घातल्या. चंदक मोठ्या कष्टाने उठला. त्याने आपला वाडगा नाकाने ढकलत ढकलत दहाव्याला नेऊन भिडवला.

"बाबा," सामा म्हणाली. "पालित. हे चोरीचं नाही. हे तुम्हाला वाढलं आहे. जेवा."

दहाव्या वाडग्यातल्या भाताला आळं पडलं. मग भात कमी होऊ लागला, आणि या वेळी आवाज आला. एक घोट गिळल्याचा. फक्त एकच, पण बारा वर्षं तहानलेल्याने घ्यावा तसा लांब. वारा नसताना दिव्याची ज्योत वाकली. सामाच्या डोक्यावरून, केस विंचरावेत तसं काहीतरी गार सरकून गेलं आणि दाराबाहेर पडलं. पिंगलच्या हातातलं मडकं खाली पडून फुटलं. तो मीठ भरायलाही वाकला नाही.

चंदक आपल्या वाडग्याकडे वळला आणि जेवू लागला. सावकाश, तळ लागेपर्यंत. मग तो येऊन सामाच्या पावलांवर डोकं ठेवून निजला.

राजा त्या दोघांजवळ आला. आणि म्हणाला, "ज्याचं गेलं त्यानेच सोडून दिलं. आता मी काय धरून बसू?" सामाला शिक्षा झाली नाही. सकाळी भिंतीपलीकडे भाताचं एक शीतही नव्हतं.

पण दहावा वाडगा सोमिलने उचलला नाही. रोज मांडत राहिला. सामाने विचारलं तर म्हणाला, "एक जेवून गेला. घरात पंगत आहे हे बाहेर कळलं असेल. रांगेत मागे कुणी उभं असेल तर?" आणि कधी कधी, फार क्वचित, तो वाडगाही रिकामा होई. तेव्हा सामा दाराकडे तोंड करून विचारी, "नाव काय तुमचं?" आणि उत्तराची वाट बघत बसे.

आपली चूक वर्षानुवर्षं ओठांआड ठेवलेल्या एका भिक्खुणीला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ती ऐकून भिक्खुणी रडली आणि संघासमोर मोकळी झाली. तेव्हा शास्ते म्हणाले, "त्या जन्मीची सामा म्हणजे हीच भिक्खुणी. सोमिल आचारी म्हणजे आज विहाराबाहेर भुकेल्यांना वाढणारा तो उपासक. राजा भोगदत्त म्हणजे ज्याने तुम्हाला ही बाग दिली तो गृहस्थ. आणि चंदक कुत्रा म्हणजे मीच." ज्याने आपल्याला उपाशी ठेवलं त्याच्याही भुकेची काळजी वाटणं, याला मैत्री पारमी, मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात. पालित पुढे कुठे जन्मला तेही भंतेजींनी आम्हाला सांगितलं होतं. तो...

आई हाक मारते आहे. "अगं, ठकीचा भात दाराशी निवत ठेवला होता, तो संपलासुद्धा! सोडलंस का तिला?"

ठकी तर मघापासून माझ्या पायाशीच आहे. दाराकडे बघत बसली आहे, आणि तिची शेपटी हळूच...