चिकटवलेली ढाल

"ओढली तर निघेल का, चाचा?"

"निघंल की. हातासकट निघंल."

बाबालाल मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तो चार इंची प्लॅस्टिकचा मावळा खिडकीच्या उजेडात धरला. ढाल जिथं हाताला चिकटवली होती तिथं नखानं हलकेच टोकरून पाहिलं.

सुधन्वा करकरे समोरच्या स्टुलावर बसला होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं तो सांगलीहून कोल्हापुरात आला होता. आठवडाभर त्याला धड झोप नव्हती आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वीस वर्षांपूर्वी याच स्टुलावर बसून तो असली चिमुकली माणसं जोडायला आणि रंगवायला शिकला होता. दीड वर्षात त्याला सगळं आलं. निदान त्याला तसं वाटलं, आणि ज्याला सगळं आलं त्यानं दुसऱ्याच्या स्टुलावर कशाला बसून राहायचं? पुढं प्रदर्शनं झाली, बक्षिसं झाली, प्रमाणपत्रं टांगायला भिंत पुरेना. चाचांना एक फोन करायला मात्र साहेबांना सवड मिळाली नाही.

"रंगवलाय कुणी?"

"दादानं. माझ्या मोठ्या भावानं."

"आणि ढाल?"

"...मी लावली."

चाचांनी मान हलवली.

"गम कुठला?"

"झटपट चिकटणारा. एक थेंब."

"मग नशीब तुझं. प्लॅस्टिक विरघळवून सांधणारा असता तर हात आणि ढाल एकच झालं असतं. करवतीशिवाय इलाज नव्हता."

"मी नेलपॉलिश काढायचं पाणी आणलंय. कापसानं जरासं लावलं तर?"

"ढाल सुटंल. दादाचा रंगबी सुटंल. खालचं प्लॅस्टिक मऊ पडंल ते वेगळंच." चाचांचा आवाज थकलेला होता. हे उत्तर त्यांनी आजवर शंभरजणांना दिलं असावं.

"मग बारीक पातं घालून..."

"तू अजून उत्तरं घिऊनच येतोस व्हय रे?"



चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. मावळा एका डबीत ठेवला, झाकण लावलं, आणि आत जाऊन फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मटारच्या पिशवीशेजारी ती डबी सारली.

"हा गम थंडीत ठिसूळ हुतो. मग जोर लावावा लागत न्हाई. तीन तास."

"तीन तास मी काय करू?"

"बस."

बसणं त्याला कधी जमलंच नव्हतं. वीस मिनिटं झाली नाहीत तोच पाणी प्यायच्या निमित्तानं तो आत गेला, डबी उघडली आणि मावळा बाहेर काढला. रंगवणाऱ्या माणसाची एक खोड असते. मूर्ती हातात आली की बोटं आपोआप तिच्याभोवती मिटतात, आणि तळहाताच्या उबेत ती किती वेळ राहिली याचं भान त्याला राहत नाही. सुधन्वानं सांधा सगळ्या बाजूंनी न्याहाळला. ढाल हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.

मागं वळला तर दारात चाचा.

त्यांनी हात पुढं केला. मावळा घेतला, डबीत ठेवला, डबी बर्फात ठेवली.

"आता परत पहिल्यापासनं."

तासाभरानं त्यानं पुन्हा तेच केलं. या वेळी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, असं ठरवून गेला होता. चाचांनी त्याची मूठ उघडली तेव्हा मावळा कोमट झाला होता.

"परत पहिल्यापासनं."

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते दमलेले दिसत होते.

"एवढी घाई कशाची हाय?"

"दादाचे डोळे गेले, चाचा. काचबिंदू. हा त्यानं शेवटचा रंगवला."

चाचा खुर्चीत बसले.

"रोज संध्याकाळी तो हा घेऊन बसायचा. बोटं फिरवायचा. आधी पगडी, मग कमरपट्टा, मग हा डावा हात. ढाल आमच्याकडून सुटे भाग जोडायच्या पहिल्याच दिवशी हरवली होती, म्हणून त्यानं रिकामा तळवाच रंगवला. तळव्यावरच्या रेषासुद्धा काढल्या."

"मग?"

"मला तो अपुरा वाटला. प्रदर्शनाला नेताना मी दुसरी ढाल लावली. परत आणून कपाटात होता तिथं ठेवला. त्याच्या बोटांना लगेच कळलं. म्हणाला, सुध्या, ही ढाल कुठली रे?"

"तू काय म्हणालास?"



"होतीच की दादा, म्हणालो. तूच विसरलास."

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तेव्हापासून तो मावळ्याला हात लावत नाही. तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण आता पेला हातात घेतला तरी विचारतो, हा माझाच ना? न्हाणीघर डावीकडं की उजवीकडं, ते विचारतो. दोन वर्षं घरात एकटा फिरत होता. आता भिंत धरून उभा राहतो आणि मला हाक मारतो."

सुधन्वाला स्वतःची लाज वाटत होती, आणि रोज रोज लाज वाटूनही माणूस शेवटी थकतोच.

"ढाल निघाली की मावळा गुपचूप कपाटात ठेवीन. पहिल्यासारखं होईल सगळं."



"आणि परवापर्यंत हुती ती ढाल आता कुठं गेली म्हणला तर?"

इतक्या रात्री जागून काढल्या, पण हा प्रश्न काही सुधन्वाला सुचला नव्हता. दादा विचारणार नाही, हे त्याला आता कळत होतं. ढाल होती आणि आता नाही, म्हणजे आपलंच डोकं चालत नाही, असं समजून तो गप्प बसेल.

"बस," चाचा म्हणाले.

या वेळी तो बसला. चाचांनी चहा केला, तो प्याला. ऊन खिडकीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून कौलांवर गेलं. आत जायचं त्याच्या मनातही आलं नाही. तीन तास होऊन गेले, तरी त्यानं घड्याळ पाहिलं नव्हतं.

शेवटी चाचांनीच डबी आणली.

"आधी हात गार पाण्यात घाल. पूस. आता बोटांच्या टोकांनी धर. ओढू नको. किल्ली फिरवतोस तशी, बाजूला."

सुधन्वानं ढाल बाजूला वळवली.

कट्.

एवढासा आवाज झाला आणि ढाल टेबलावर पडली. त्याला खरंच वाटेना.

खाली दादानं रंगवलेला तळवा होता. गव्हाळ रंग, त्यावर तपकिरी रेषा. रंगाचा टवका उडाला नव्हता. फक्त मधोमध वाळलेल्या गमाचा खसखशीएवढा खडा राहिला होता.

सुधन्वानं मोठा श्वास सोडला. मग टेबलावरची बारीक कानस उचलली.

"एवढं साफ करतो. नाहीतर बोटाला टोचेल त्याच्या. ढाल होती हे कळायलाच नको."

चाचांनी मावळा आपल्याकडं घेतला. डोळे मिटले. बोटाचं टोक पगडीवरून, कमरपट्ट्यावरून उतरत डाव्या तळव्यावर आलं आणि त्या खड्यापाशी थांबलं. तिथंच थांबून राहिलं.

मग डोळे उघडून त्यांनी सुधन्वाच्या हातातली कानस काढून घेतली.

"त्याची बोटं खोटी नव्हती. एवढं तुझ्या दादासाठी राहू दे."