तान्हूबाईची झटकणी

डोंगराच्या पायथ्याशी शिरसमाळ नावाचं गाव आहे. फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजीची पणजीही जन्मली नव्हती तेव्हा, तिथं तान्हूबाई नावाची बाई रोपं वाढवायची. आंबा, चिंच, जांभूळ. तिच्या वाफ्यातलं रोप खडकावरही जगतं, असं म्हणत.

पण एका पावसाळ्यात रोपं पिवळी पडून माना टाकू लागली. हात लावला की रोप अलगद वर यायचं, खाली मूळच नसायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जानाई देवी कोपली म्हणून लोक गाव सोडायचं बोलू लागले.

तान्हूबाईनं वाफा उकरला. मातीत पांढऱ्या, जाड अळ्या अंग मुडपून बसल्या होत्या. मुळं खाणारी हुमणी. तिनं त्या मातीसकट मडक्यात भरल्या, वर फडकं बांधलं आणि वाट पाहिली. उन्हाळा सरताना वळीव पडला, तसे तिन्हीसांजेला मडक्यातल्या मातीतून तपकिरी भुंगेरे निघाले. फडकं सोडताच उडाले. ती मागोमाग धावली. भुंगेरे थेट देवळापुढच्या कडुनिंबावर जाऊन बसले. तिथं आधीच इतके होते, की पान दिसत नव्हतं, असं म्हणतात.

"हेच मातीत अंडी घालतात," ती म्हणाली. "झाड हलवा, पाडा यांना."

कुणी पुढं होईना. निंब देवीचा. त्याला हात लावील त्याचा हात झडेल, असं सगळे मानत. सटवा गुरव आडवा आला. "बाई, हात जाईल तुझा!"

तान्हूबाईही तेच मानत आली होती. तरी ती फांदीखाली जाऊन उभी राहिली.

"सटवादादा, आईच्या पदराला किडे लागलेत. लेकीनं झटकायचे नाहीत, तर कुणी?"

तिनं फांदी धरून हलवली. गारा पडाव्यात तसे भुंगेरे पडले. तो आवाज पलीकडच्या खोऱ्यात ऐकू गेला, असं म्हणतात. मग सटवानंच देवीच्या समईवर पलिता पेटवून आणला, खड्ड्यात जाळ केला, आणि सारं गाव किडे वेचून त्यात टाकू लागलं.

सकाळी तान्हूबाईचा उजवा हात लुळा पडला होता. तिनं डाव्या हातानं बिया लावल्या. भादव्यात लोकांनी रोपं ओढून पाहिली, एकही उपटेना. कुणी म्हणतात, त्याच दिवशी तिच्या बोटांत जीव आला. कुणी म्हणतात, हात कधी परतलाच नाही, आणि तिनं देवीला त्याचा जाबही विचारला नाही.

अजून वळीव पडला की शिरसमाळात तिन्हीसांजेला झटकणी होते. "आई, पदर झटकते," म्हणत गुरवाच्या घरची सून पहिली फांदी हलवते. मग सारं गाव बांधाबांधावरचे निंब-बाभळी हलवतं. आणि तिथलं रोप एकट्याला मिळत नाही; भुंगेरे बांध ओळखत नाहीत, एकानंच झटकून भागत नाही. न्यायला येताना शेजाऱ्याला सोबत आणावं लागतं. दोघं उभे राहिले की रोपं वाढवणाऱ्या बाया दोघांच्याही हातात एकेक रोप देतात.