धुण्याचा दगड

हे कुणाला सांगायचं नाही, असं पोचक्का आत्याने मला बजावलं होतं.

तिच्या परसात धुण्याचा एक दगड आहे. फार पूर्वी तो झाडाचा बुंधा होता. आतली वर्तुळं अजून दिसतात. अंगठीच्या खड्यांचे व्यापारी नगरकर शेठ तो बघून म्हणाले, "आत्याबाई, साधा दगड आहे. द्या मला, बदल्यात नवी फरशी देतो."

आत्या कबूल झाली. शेठ खूश झाले. बोट जिभेला लावून त्यांनी दगड ओला केला आणि खिशातल्या भिंगातून बघितला.

"थांबा," आत्या म्हणाली. "तीस वर्षं मी ह्याच्यावर कपडे आपटते. साध्या दगडाला थुंकी लावून भिंगातून बघणारे तुम्ही पहिलेच. नदीवर साधे दगड ढीगभर आहेत, शेठ. चाटून बघा, आवडेल तो फुकट न्या."

शेठ लाल झाले. मग खरं बोलले, "लाकडाचा अकीक झालाय, आत्याबाई. सुंदर खडे निघतील."

"मग राहू दे," आत्या म्हणाली. "धुणंही सुंदर निघतं."

मी हे फक्त शेजारच्या रजिताला सांगितलं. आता अख्खं गाव नदीवर दगड चाटतंय. काल तर खुद्द सरपंच गुडघाभर पाण्यात उभे राहून एक भलामोठा... अगं बाई, आत्या हाक मारतेय! आले, आत्या, आले!